आगळातल्या पुंगळ्या

मिरजोळे, कार्तिक शुद्ध ६, शके १८५४

चि. सगुणेस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

भात झोडून झालं. म्हैस व्यायली, पारडी झाली. तुझं लुगडं दांडीवर राहिलं होतं, घडी करून ठेवलंय. पत्र मीच लिहिते आहे, कुणाकडून लिहवून घ्यायजोगं नाही. अक्षराला हसू नको.

ह्यांची पट्टी परवा सोडली. उजव्या डोळ्याला नुसता उजेड कळतो.

आता ऐक. ह्यांच्या त्या खालची कडी ओढायच्या रायफलीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या अठरा वर्षं मी भरत होते. टोपी बसवायची, दारूचं माप ओतायचं, वर शिशाची गोळी दाबायची. एकदा एकीत दोन मापं पडली. ह्यांनी बघितलं, ओतून काढली नि म्हणाले, "तुझ्या हाताला धीर नाही गो." मग तुझं कपाळ पांढरं झालं, तू आमच्याकडे आलीस, नि आठ दिवसांत माप तुझ्या हातात. पडवीत चटईवर तुम्ही दोघं. तू म्हणायचीस, "भावोजी, डुकराला पत्र धाडलंय का, उद्या शेतात ये म्हणून?" नि हे हसायचे. माझ्यासमोर बसून कधी हसले होते? मी आत भाकऱ्या करपवत होते.

त्या संध्याकाळी काळ्या पडलेल्या पुंगळ्या तू कोकमाच्या आगळात टाकल्यास, पितळेची भांडी उजळतो तशा. मला विचारलंस, "ताई, किती वेळ ठेवू?" मी म्हटलं, "राहू देत रात्रभर. लख्ख होतील."

मला ठाऊक होतं. आंबटात बुडवून लगेच काढायच्या, गरम पाण्यानं धुवायच्या. जास्त राहिल्या की तांबूस डाग पडतात, पितळ कुजतं, मग फेकायच्या. ह्यांनीच शिकवलेलं. वाटलं, हे डाग बघतील, तुझ्यावर ओरडतील, माप परत माझ्याकडे येईल. देवाशपथ, एवढंच वाटलं.

पण माझी एकेक पुंगळी हे उजेडात फिरवून बघायचे. तुझी एकही बघितली नाही. तू भरलीस ती तशीच रायफलीत घातली, नि बार काढला तशी ती मागनं फुटली.

नि मी काय केलं? "माझ्या नवऱ्याचा डोळा खाल्लास" म्हणून सगळ्या वाडीसमोर तुला शिव्या दिल्या, मोटारीत बसवून सावर्ड्याला तुझ्या दिराच्या दारात धाडलं. तिथं तुला गोठ्यात निजवतात असं कळलं. मी काय सांगितलं होतं, ते तू कुणाजवळ बोलली नाहीस. का नाही बोललीस? बोलली असतीस तर मला भांडता तरी आलं असतं.

काल ह्यांना सगळं सांगितलं. एवढंच म्हणाले, "सगुणेला लिही." तेव्हाही तोंडात तुझंच नाव. जळले मी. खोटं कशाला लिहू?

सोमवारच्या मोटारीनं ये, कायमची ये. हातखंब्याला उतर. हे एकटेच बैलगाडी घेऊन येतील, मीच तसं सांगितलंय. उजवीकडचं त्यांना दिसत नाही. गाडीत डावीकडे बस.

तुझी ताई,
आनंदी