मुन्नारचं झाड

१२ मे, हिंगणी
ऊन जीव घेऊन राह्यलं. मुन्नारच्या झाडाचं आणखी एक पान गेलं. पान कायचं, पुरुषभर लांब. आता चार उरले. हेच घेऊन आलते ते मुन्नारहून. म्हणायचे, हा झाडासारखा वाढनारा नेचा, याच्या बुडाशी पाणी टाकून भागत नाई, खोड भिजलं पाहिजे. दिसते खोड, पन वरून उतरलेल्या मुळ्याच त्या. म्हून यायनं कूलरचं जास्तीचं पाणी नळीनं खोडावर सोडून ठिवलं होतं. नळी अजून तिथंच आहे. मानूस नाई.

१३ मे
मामाजी आजही बोलले नाई. हे गेल्यापासून सासऱ्याचं नि माह्यं बोलनं म्हणजे 'जेवले का' नि 'हो'. पहाटे संत्र्याच्या बागेत जातात, ऊन चढलं का बाजेवर.
मांगच्या उन्हाळ्यात यायनं कूलर उचलून झाडाकडंच तोंड करून ठिवला होता. मा. पोट धरून हसले होते, बायको शिजून राह्यली अन् झाडाले हवा म्हणे. मी मात्र चिडलती. आता आठवलं का हसू येते, मंग...

१६ मे
चतुर्थी. केळझरले गेलती. बाप्पाले झाडासाठीच मांगतलं. दुसरं काय मांगू आता.
घरी आली त खोड निळं! बुडापासून छातीपर्यंत बोर्डो पेस्ट, मोरचूद नि चुना. मिरगाच्या आंधी संत्र्याच्या खोडाले लावतो तीच, डिंक्या रोग होऊ नाई म्हून. पेस्ट वाळावी म्हून नळीबी काढून ठिवलेली. मा. बाजूले ब्रश घेऊन उभे, हात कोपरापर्यंत निळे. चेहरा मात्र काम चांगलं झाल्यासारखा.
माह्यं डोकं फिरलं. म्हटलं, "मुळ्यायले मोरचूद लावलं तुमी. पोराचं एवढं एकच झाड होतं, तेही मारलं."
त्यायनं ब्रश खाली ठिवला. जेवले नाई. मीही ताट झाकून ठिवलं, दुसऱ्यांदा हाक मारली नाई.

१७ मे
सकाळपासून धुतलं. पाईपानं, मंग जुन्या लुगड्याच्या फडक्यानं. जोरात घासलं का मुळ्याच हातात येतात. निळं पाणी आळ्यात जाऊ नाई म्हून पोतं लावलं, तरी गेलंच थोडं. वर्ध्याच्या नर्सरीवाल्याले फोन केला. तो म्हणे पानं जातील सगळे, शेंड्याकडं लक्ष ठिवा. दाबल्यावर टणक लागला त जीव आहे, पिचपिचीत लागला त सोडून द्या. किती सहज म्हणाला, सोडून द्या.

२० मे
दोन पानं लोंबले. मी कापून राह्यली होती. मा. येऊन माह्याजवळ खाली बसले, जमिनीवरच. मंग झाडाकडं पाहूनच बोलले.
"सावंगीच्या दवाखान्यात नेत होतो तवा त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं, सुनबाई. मी नुसताच बसून होतो. काय करा, काही सुचलंच नाई. म्हून याले तरी काही लावावं म्हटलं."
त्या दिवशी मी गाडीत समोर बसलती, मांगं वळून पाहायची हिंमत झाली नाई. हे कोनाले सांगतलं नाई. आज त्यायलेही नाई सांगतलं. कापलेलं पान मात्र त्यायच्या हातात दिलं, अन् त्यायनं ते फेकलं नाई. लय रडू आलं मंग, दोघायलेही.

२४ मे
मा. नं नवीन पोतं आनलं, भिजवलं, खोडाले गुंडाळून सुतळीनं बांधलं. न विचारता नळी परत लावली. फवारनीचा पंप घेऊन निघाले होते, मी अडवलं, त्यात औषध राह्यलं असन. तर लोट्यानंच पाणी टाकून राह्यले, हळूहळू, वरून खाली. आज बोलले बरंच. भेंडीवर मावा आहे म्हणे. मी म्हटलं, पाहू उद्या.

२९ मे
शेवटचं पान काल गेलं. नुसतं खोड उभं आहे, पोत्यात गुंडाळलेलं. वर शेंड्यावर भुरकट केस.
संध्याकाळी स्टूलावर चढली. म्हटलं आता दाबूनच पाहा, काय ते एकदाचं कळन. बोट लावनार तेवढ्यात खालून मा. म्हणाले, "राहू दे, सुनबाई. दाबून नको पाहू. पाणी त तसंही द्याचंच आहे."
हात मांगं घेतला.
उतरून पाह्यलं त मा. कूलर ओढून राह्यले, एकटेच. मी दुसरी बाजू धरली. तोंड झाडाकडं केलं. घरात आज भट्टी आहे नुसती. मा. नं आपली बाज अंगनात घेतली, माह्यीही घेतली.