मखमली करवतचं दुसरं कडवं

५ सप्टेंबर, शुक्रवार. अल-खोबर, सौदी.
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात नाव दिलं. २४ ऑक्टोबर, कंपाउंडचा हॉल, दहा मिनिटं. आयटम: 'मखमली करवत' या बँडचं पुनरागमन. सेक्रेटरीबाईंनी विचारलं, सुतारकामाचं प्रात्यक्षिक आहे का. अज्ञान!
इतिहास लिहून ठेवलेला बरा. नाशिक, इंजिनिअरिंग कॉलेज, १९९२. ग्लॅम मेटल, पण ब्लूजच्या अंगाने. म्हणजे केस खांद्यापर्यंत, ओठांना ताईची लिपस्टिक, चमचमती पँट आणि एवढं नटून गायचं ते रडकं गाणं. गाणं एकच, 'सटाण्याची शेवटची एसटी'. गॅदरिंगला एकदाच वाजलं आणि पोरं बाकांवर चढली. शब्द माझे, चाल माझी. इंद्रनीलने फक्त गायलं, लीड गिटार वाजवली आणि एक पडेल दुसरं कडवं घुसडलं.
आजपासून केस वाढवणे. जे आहेत ते.

६ सप्टेंबर
इंद्रनीलचा व्हॉइस मेसेज. चार मिनिटं बारा सेकंद. पोटाचं ऑपरेशन झालंय म्हणे त्याचं. बायको, विभा, म्हणाली, ऐक तरी. ऐकणार, पण फोनच्या डबड्या स्पीकरवर नाही. चांगले हेडफोन घेतो आधी.
काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. काल कॉलेजच्या ग्रुपवर पुनरागमनाची बातमी टाकली आणि आज याचा मेसेज! गाण्यावर हक्क सांगणार. तेहतीस वर्षं बरा गप्प होता. उत्तराचे मुद्दे काढून ठेवले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
जुन्या फाइलमध्ये डिग्री सर्टिफिकेटच्या मागे गाण्याचा मूळ कागद सापडला. जगातली एकमेव प्रत. अक्षर सगळं इंद्रनीलचं. पहिलं कडवं मी त्याला तोंडी सांगितलं असणार. दुसरं वाचून हसूच आलं. सुरुवातच 'थांब'! मेटलमध्ये कोणी थांबत नाही.
पाइपांवर खुणा करायचा पांढरा पेंट मार्कर खिशात होता. अख्खं कडवं गिरवून बुजवलं. हा रंग प्लांटवरच्या उन्हात दहा वर्षं हलत नाही. नवं कडवं मीच लिहिणार. दोन दिवसांचं काम.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
रफीकभाईंच्या दुकानात. दापोलीचे, इथल्या बायकांचे अबाया शिवून विकतात. खड्यांची लेस उरलेली असतेच, तिची पँट शिवून द्या म्हटलं. एकदम टाइट. रफीकभाई म्हणाले, शिवतो, पण या वयात इलॅस्टिक बरं. बँडमध्ये आणखी कोण, असं विचारलं म्हणून इंद्रनीलचं आणि मेसेजचं सांगितलं. त्यांनी कापड मोजायला घेतलं. मग म्हणाले, आजारी माणसाचा आवाज असा ठेवून द्यायचा नसतो.
लोकांना हेडफोनचं महत्त्व कळत नाही.

२६ सप्टेंबर
विभाने इंद्रनीलच्या बायकोला फोन केला. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करता तसंच शिवलं. विभा रडली. मी तिला समजावलं, इंद्रनील दणकट आहे.
साहेबांच्या कानावर सहज घातलं. ते म्हणाले, एक्झिट री-एंट्री व्हिसा एका दिवसात निघतो, चार दिवस जाऊन ये. मीच नको म्हटलं. प्लांटचं शटडाऊन तोंडावर, माझ्यावाचून अडेल. साहेब म्हणाले, अडणार नाही. पण जबाबदारी झटकणं माझ्या स्वभावात नाही. डिसेंबरमध्ये नक्की जाणार. गिटार घेऊनच.

१० ऑक्टोबर
नवं कडवं तयार! अकरावा खर्डा. 'गॅस्केट फुटलं काळजाचं, व्हॉल्व्ह कुणी बंद करा.' नूपुरला वाचून दाखवलं. बाबा, धिस इज अ सेफ्टी बुलेटिन, असं म्हणाली. अकरावीतल्या मुलीला ब्लूज काय कळणार.
हेडफोन घेतले. चार्जिंगला लावलेत.

१७ ऑक्टोबर
इंद्रनीलचा मेसेज, या वेळी लेखी. एकच शब्द: 'ऐकलंस?' एवढी घाई कसली? कार्यक्रम झाल्यावर ऐकतो. आत्ता माझी एकाग्रता मोडेल.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळपासून तयारी. नूपुरने काळं नेलपॉलिश लावून दिलं.
नंबर फॅन्सी ड्रेसनंतर, फराळाआधी. पहिल्या कडव्याला लोक शांत होते. दुसरं सुरू झालं आणि फराळाचं काउंटर उघडलं. गॅस्केट फुटेपर्यंत पुढच्या तीन रांगा चकलीपाशी. पँटचे खडे स्टेजवर गळत होते, पुढच्या नाचाची मुलं ते वेचत होती. रफीकभाईंनी शेवटपर्यंत टाळी धरली. एकट्यांनी.
विभा म्हणाली, पहिलं कडवं छान आहे. माझ्या मते साउंड सिस्टीमच वाईट होती.

२५ ऑक्टोबर
इंद्रनील गेला. काल सकाळी साडेनऊला. तेव्हा मी आरशासमोर पँट घालून बघत होतो.

२६ ऑक्टोबर
ऐकला. फोनच्याच स्पीकरवर. हेडफोन लावायचं मन झालं नाही.
आवाज पार बसलेला. मध्ये मध्ये थांबून श्वास घेतो. गाण्यावर हक्कबिक्क काही नाही. म्हणतो, बाळ्या, पुनरागमनाचं वाचलं, फार बरं वाटलं. पहिलं कडवं मी लिहिलं, ते पाठ आहे, रोज गुणगुणतो. तुझं दुसरं तेवढं आठवत नाही. तू बोलत होतास आणि मी उतरवून घेत होतो, आठवतं? पोरं बाकांवर चढली ती तुझ्या कडव्याला. माझा तेव्हा जळफळाट व्हायचा, म्हणून कधी सांगितलं नाही. कागद तुझ्याकडेच असणार. वाचून दाखव रे एकदा. शुक्रवारी तुला सुट्टी ना? शुक्रवारी वाट बघतो.
सात शुक्रवार झाले.
कागद काढला. उजेडासमोर धरला, काही दिसेना. नूपुरचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसाला लावून पुसलं. पेंट निघाला. खालची बॉलपेनची शाईपण निघाली. इतकी वर्षं प्लांटवर काढली, एवढं मला कळायला हवं होतं. कागदावर निळसर डाग राहिलाय.
विभा शेजारी बसली. म्हणाली, तूच लिहिलंय ना, आठवून बघ. दुपारभर बसलो. गॅस्केट सोडून काही आठवेना. शेवटी ही वहीच चाळली. १२ सप्टेंबरला त्या कडव्याचा एक शब्द उतरवलेला सापडला.
थांब.