फटफटी उभी करायला तू हवीस

प्रिय आई,

आज सकाळी अण्णांनी फटफटी बाहेर काढली. तू गेल्यापासून ती अंगणात जुनी चादर पांघरून उभी होती आणि तिच्याकडे बघायचंही ते टाळत होते. आज मात्र स्वतःहून काढली, पेटेतल्या बाजारातून एक चक्कर मारून आणली. परत आल्यावर जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना. या घरात दुसऱ्या कुणाला सांगू? आत्याला? हसशील तू!

पण आधी मला जरा मागे जाऊ दे. हल्ली दुपारी डोळे मिटले की मी मागेच जाते.

तू अण्णांपेक्षा चांगली वीतभर उंच. म्हणून तर लग्नाच्या फोटोत तू खुर्चीवर बसलेली आणि ते शेजारी उभे! आणि अशा आमच्या अण्णांना लष्कराच्या लिलावातली ती अवाढव्य फटफटीच घ्यायची होती. सीटवर बसले की पायांची फक्त बोटं जमिनीला टेकायची. पण गावोगावच्या तळ्यांची, बांधांची पाहणी करणं हेच त्यांचं काम, आणि बस कुठे जायची बांधापर्यंत?

ती पडली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पाऊस नुकताच थांबला होता. अण्णांनी तिला जास्वंदीपाशी उभी केली, आणि ओल्या मातीत स्टँडचा एक पाय हळूहळू रुतत गेला. ती कलली, अण्णा सावरायला धावले आणि तिच्याखालीच सापडले. तू पिठाच्या हातांनी धावत आलीस. फटफटीकडे पाठ केलीस, सीटला कंबर टेकवलीस, पाय रोवलेस आणि रेटत रेटत तिला उभी केलीस. सगळी गल्ली बघत होती! अण्णांना उठवताना त्यांच्या पांढऱ्या शर्टावर तुझे पिठाचे पंजे उमटले होते.

मुरगळलेला घोटा बरा झाला, पण फटफटी उभी करायची भीती काही जाईना. अण्णा बसने जायला लागले, पुढे मैलच्या मैल चालायला लागले, रोज उशिरा परतायला लागले. ऑफिसात साहेब म्हणाले, "फिरतीचं काम दुसऱ्याला देऊ का?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि मग तुझ्या त्या दुपारी! आत्याचा डोळा लागला की तू पदर खोचून अंगणात यायचीस. मला गालगुंड झालं होतं म्हणून मी शाळेत न जाता पायरीवर बसलेली. डाव्या हातात हँडल, उजवा हात सीटखालच्या दांड्यावर, स्टँडवर पाऊल. आधी गाडी जराशी डोलवून बघायची, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत ना! मग सगळं वजन त्या पावलावर टाकायचं. सुरुवातीला तू हातांनी ओढत होतीस आणि ती हटतच नव्हती. एके दिवशी तू ओढायचं सोडून नुसती पावलावर उभी राहिलीस, आणि ती आपणहून वर उठून मागे सरकली. तू माझ्याकडे वळून अशी हसलीस, जणू डोहातून मोठा मासा वर आला होता.

"हातानं नाही गं उचलायचं, सुमे," तू म्हणालीस. "हातानं फक्त धरायचं."

त्या रात्री जेवताना तू अण्णांना सरळ सांगितलंस, "अहो, उद्यापासून तुम्ही फक्त चालवा. उभी करायचं माझ्याकडे."

आत्याच्या हातातला घास हातातच राहिला. "बाईमाणसानं फटफटी धरायची? आणि रोज गावोगाव हिंडायचं? पेटेतले लोक काय म्हणतील?"

अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "अक्का, माझा पाय अजून भरवशाचा नाही. फटफटी उभी करायला ती हवी."

भावाच्या पायापुढे आत्याचं काही चालेना. "सरी, जा," ती म्हणाली, "पण दिवेलागणीच्या आत घरात पाहिजे."

आई, त्याआधी तू बंगळुरात काय बघितलं होतंस गं? देऊळ, बाजार आणि तुझं माहेर. आणि मग अचानक तुला केवढं आकाश मिळालं! सुट्टीच्या दिवशी मला तुम्हा दोघांच्या मधे दाबून बसवायचात. पुढे अण्णांच्या कोटाला पेट्रोलचा वास, मागे तुझ्या केसांतल्या अबोलीचा गारवा, आणि मी अर्धी झोपेत. महादेवपुराकडची नाचणीची शेतं डोळ्यांच्या फटीतून हिरव्या पाण्यासारखी वाहत जायची. हेब्बाळच्या तळ्यावर सकाळी इतकं धुकं असायचं की काठ कुठे संपतो तेच कळायचं नाही. एक बगळा हवेतच उभा आहे असं वाटायचं. अण्णा कसलीशी मोजमापं घ्यायचे आणि तू चपला काढून पाण्याच्या कडेकडेने चालत जायचीस. मी हाका मारायची. तुला ऐकू यायच्या नाहीत, की तू ऐकायची नाहीस?

प्रत्येक ठिकाणी आधी तुझं काम. "स्वल्प थांबा," म्हणायचीस. उतरायचीस, पायानं जमीन चाचपायचीस. भुसभुशीत असली तर स्टँडखाली चपटा दगड. उतार असला तर गाडीचं तोंड चढाकडे. मगच अण्णांनी उतरायचं. बांधावरचे लोक हातातलं काम सोडून बघायचे. मला तेव्हा लाज वाटायची, आता अभिमान वाटतो.

अशी किती वर्षं गेली! मी कॉलेजात गेले, आणि जिना चढताना तुला धाप लागायला लागली, तरी तुम्ही जातच होता. मी तुझ्यावर चिडायची सुद्धा. आता पुरे कर ना, म्हणायची.

आणि मग हॉस्पिटलात, त्या दुपारी, तू मला खाली वाकायला सांगितलंस. मला वाटलं पाणी हवंय. तू म्हणालीस, "अण्णांना फटफटी एकट्याला उभी करता येते. केव्हापासून येते." आणि हसत हसत सांगितलंस, की एकदा हेब्बाळला तू पाण्याकडे गेली होतीस. परत आलीस तर उन्हात उभी केलेली फटफटी चिंचेच्या सावलीत होती. चांगली स्टँडवर, ताठ. आसपास दुसरं माणूस नाही. "कुणी नेली असेल? मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस हं."

मी हो म्हटलं होतं, आई. आज मोडलं ते.

सकाळी अण्णा परत आले तेव्हा मी धरायला धावले. पण ते उतरले, हँडल धरलं, पाऊल टेकवलं आणि इतक्या सहज ती उभी केली, जशी कुणी खुर्ची सरकवावी! मग माझ्याकडे बघितलं आणि पायरीवर बसून रडायला लागले. अण्णा! मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मला येत होतं, सुमे. किती वर्षं येत होतं. सांगितलं असतं तर अक्कानं तिला घराबाहेर सोडलं असतं का? म्हणून मी गप्प राहिलो. तिला धाप लागायची, तरी ती ते धूड उचलत राहिली. खोटं बोललो मी तिच्याशी. त्यानंच गेली ती."

डॉक्टरांनी त्यांना किती समजावलं होतं, की तुझं दुखणं लहानपणापासूनचं, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. पण त्यांना ते पटलेलंच नव्हतं. इतके दिवस हे असं पोटात घेऊन ते चादरीकडे पाठ करून बसत होते. मी कशी गप्प बसणार होते? तूच सांग!

मी चिंचेच्या सावलीचं सांगितलं.

त्यांनी फटफटीच्या सीटकडे बघितलं. मग पुटपुटले, "हेब्बाळला... त्या दिवशी सीटवर बसताना म्हणाली, 'आज ऊन चढलंच नाही वाटतं, सीट कशी गार आहे!' आणि मी म्हटलं, हो, ढग आले होते." त्यांनी मला विचारलं, "म्हणजे तिला माहीत होतं? तरी ती येत राहिली?"

"तिला यायचं होतं, अण्णा."

मग ते हसले. डोळे पुसत, खांदे हलवत, अगदी आत्या बाहेर येऊन बघेपर्यंत हसले. आज त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

आई, तुला माझा राग आला असेल तर येऊ दे. मला मात्र तुम्हा दोघांचाच थोडा राग येतोय. केवढं ते जड लोखंड, आणि त्याच्या आडून तुम्हाला फक्त एकमेकांबरोबर तळं बघायला जायचं होतं!

तुला एक वचन देते. उद्या माझं लग्न होईल, नवं घर येईल, तिथेही कुणीतरी ताटावर बसून विचारेल, कुठे निघालीस, कशाला निघालीस? तेव्हा मी कुणाच्या पायाचं दुखणं पुढे करणार नाही, कुठलं काम शोधून काढणार नाही. "मला जायचंय" एवढंच सांगेन, आणि जाईन.

तुझी,
सुमी