एका खिशाची आग आणि सायकलला शिक्षा

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (नुसता लिहिण्यापुरता नाही. परवा भर रस्त्यात माझी आठही अंगं जमिनीला टेकली, तोच तुम्हाला पोचता करतोय.) तुमचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही सोललेत, त्यामुळे यावेळी अगदी मनापासून विचारतोय.

तुम्ही मला दिलेली सायकल बाबा रविवारी भंगारात घालणार आहेत. कारण मी सायकलवर सिगारेट ओढतो. ओढतो आणि ओढणार. (राग आला असेल तर पाणी प्या, मग पुढे वाचा.) घरात ओढली तर आई खोकते, छापखान्यात कागदाचे गठ्ठे, बसस्टॉपवर लोक तोंडं फिरवतात. सायकलवर धूर मागच्या मागे जातो, कुणाला काय त्रास? धोके आहेत, नाही कुठे म्हणतो. समोरून वारा असला की अर्धी मी ओढतो, अर्धी वारा. राख डोळ्यात जाते. एकदा ठिणगी बाहीत शिरली आणि मी स्वतःलाच चापट्या मारत चौकात घुसलो, तर पोलिसाला वाटलं मी वळायचा हात दाखवतोय; बिचाऱ्याने सगळी वाहतूक थांबवून मला वाट करून दिली. पण यातल्या एकाही धोक्याने मला पाडलं नाही. मला पाडलं तुम्ही लोकांनी लावलेल्या शिस्तीने!

झालं असं, की परवा कामावरून येताना पुलापाशी समोरून बाबा आले, तेही सायकलवर. मोठं माणूस दिसलं की सिगारेट लपवायची, हे माझ्या हाताला डोक्याआधी कळतं. हात गेला पँटच्या खिशात, पेटत्या सिगारेटसकट. खिसा तापला, मी वाकडा झालो, हँडल माझ्याहून वाकडं झालं आणि थेट बाबांच्या चाकात. दोघंही आडवे. निलाजऱ्यासारखा बापाच्या तोंडावर धूर सोडत गेलो असतो, तर दोघं धडधाकट घरी पोचलो असतो. बाबांनी विचारलं, "खिशातून धूर कसला रे?" मी म्हणालो, "कसला धूर?" आणि नाचायला लागलो.

घरी बाबांनी धारेवर धरलं. "सायकल चालवतोस की इंजिन?" आईने मलम लावलं आणि बोलणं टाकलं. मीही सांगितलं, खुशाल विका, पायी जाईन आणि पायी ओढीन. (बोललो खरा. छापखाना किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. सायकल गेली तर नोकरीही गेलीच.)

तुमचा न सुधारलेला,
भाचा

ता.क. पडताना बाबांचाही एकच हात हँडलवर होता. दुसरा खिशात. काल आईने दोन पँटी रफू केल्या. दोन्हींचा उजवाच खिसा, भोकं जुळ्या बहिणींसारखी. बाबांनी सिगारेट सोडल्याचं कौतुक ती अजून येईल-जाईल त्याला सांगते. काल मात्र एकाच दोऱ्याने दोन्ही शिवल्या आणि एकाच खुंटीला टांगल्या.

ता.क. २. मुलाने बापाला जाब विचारायचा नसतो. (परत तुमची शिस्त.) तुम्ही मोठे मेहुणे, तुम्हाला चालतं. रविवारच्या आत या आणि एवढंच विचारा, की गुन्ह्यात सायकली दोन, मग भंगारात एकच का? आई समोर नसताना विचारा. मी उर्मट आहे, चहाडखोर नाही.

ता.क. ३. येताना काडेपेटी आणा. आईने घरातल्या सगळ्या कुलपात टाकल्यात. मघाशी स्वयंपाकघरात मी डबे उघडून बघत होतो, तर बाबाही तेच करत होते. आम्ही दोघंही पाणी प्यायलो आणि बाहेर आलो. दोन आणा.