अब्बांचे लांब सजदे

पौड, ता. ६ फेब्रुवारी १९७९

चि. सिराज यास आपाच्या अनेक दुवा, वि. वि.

इस्पितळात तुझी ड्रेसरची नोकरी कायम झाली हे वाचून अम्माने आळीभर साखर वाटली. आता लोकांच्या जखमा बांधता बांधता स्वतःच्या सदऱ्याला बटण लावायलाही शीक.

इकडची मोठी खबर म्हणजे आपले अब्बा अवलिया झाले आहेत! जुम्म्यालाही दुकान सोडताना कुरकुरणारा माणूस आता पाची वेळा नमाजाला. सजद्यात कपाळ टेकलं की उठायचं नाव नाही. हाफीजचाचा मशिदीत त्यांचं उदाहरण देतात. मी अब्बांना चिडवलं, तर म्हणाले की आडवं पडलं की छातीत लई कळ येतीया, वाकलं की बरं वाटतंय. मानेवरचं गळू फुटल्यापासून तापही आहे. काढा देते आहे.

पत्र टाकत जा, माया राहू दे.
तुझी आपा आबेदा

पुणे, ता. ८ फेब्रुवारी

ती. आपास सिराजचा सलाम, वि. वि.

पत्र हसत वाचायला घेतलं आणि छातीतल्या कळेपाशी थांबलो. तसाच मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले की हृदयाभोवती पातळ पिशवी असते. गळवातले जंतू रक्तातून तिथे पोचले तर तिच्यात पू साठतो आणि हृदयाला हलायला जागा उरत नाही. फार क्वचित होतं, पण माणूस हातचा जातो. असा रोगी पुढे वाकला की कळ कमी होते.

अब्बांना आजच्या आज आण, बसवूनच आण. मी इथे त्यांच्यासाठी खाट अडवून बसलो आहे, निघता येत नाही, म्हणून हे पत्र एसटीचे कंडक्टर वाल्मीकराव यांच्या हाती देतो.

तुझा सिराज

पौड, ता. १४ फेब्रुवारी

चि. सिराज यास अनेक दुवा.

अम्मा एकटी म्हणून परत आले, पण जीव अब्बांच्या खाटेपाशीच आहे. सुईने एवढा पू काढला तरी मी निघेपर्यंत ताप हटला नव्हता. आता कसं आहे ते खरं लिही, माझ्यापासून काही लपवू नकोस. ते दुखण्याने वाकत होते आणि मी हसत होते, हे मला खातं आहे.

आपा

पुणे, ता. १९ फेब्रुवारी

ती. आपास सलाम, वि. वि.

ताप उतरला! पू निघायला छातीत घातलेली नळी काढली, इंजेक्शनं अजून चालतील. काल दुपारी अब्बा पहिल्यांदा उताणे झोपले. श्वास चालू आहे ना, हे मी चारदा जाऊन बघितलं. तू चेष्टेने ते लिहिलं नसतंस तर मला काही कळलं नसतं, तेव्हा आता रडू नकोस.

जागे झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, की सजद्यात अल्लाचं नाव मनात यायचंच न्हाई, सारं ध्यान छातीकडं. मग ते सजदे कुटं पोचले असतील का? मी डोळे पुसत सांगितलं, की डॉक्टरांपर्यंत तर पोचले.

अम्माला सलाम. तुझी माया अशीच असू दे.
सिराज