बाबांच्या ज्युनिपरला लोह

३ मार्च, सकाळी ७.१०
बाबांच्या ज्युनिपर बोन्सायची आतली पाने पिवळसर दिसली. निदान सरळ आहे: लोहाची कमतरता. लोहाशिवाय हरितद्रव्य बनत नाही, हे मी अठ्ठावीस वर्षे नववीच्या वर्गाला शिकवले. एका बोन्सायला शिकवणे काय अवघड? औषधही घरातच आहे. डॉक्टरांनी मला तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, रोज तीन. माझे हिमोग्लोबिन नऊ. पण मी बाजारात जाऊन पालक आणू शकतो. झाड एकेचाळीस वर्षे ताटाएवढ्या ट्रेमध्ये उभे आहे. गरज कोणाची मोठी, हे उघड आहे.

मुदत १२ एप्रिल. त्या दिवशी आत्या झाड न्यायला येणार. बाबांनी जाताना ते तिला दिले होते; वर्षभर माझ्याकडे राहू दे, असे म्हणून मीच मागून घेतले. शेवटच्या आठवड्यात बाबा माझ्याबद्दल म्हणाले होते की हा झाडाला समजावून सांगत बसेल आणि तेवढ्यात ते मरेल. औषधांमुळे ते तेव्हा काहीही बोलत.

४ मार्च
कृती: दोन गोळ्या खलात कुटणे, अर्धा लिटर पाण्यात ढवळणे, गाळणे. द्रावण जवळजवळ स्वच्छ दिसते. निम्मे झाडाला मिळाले, निम्मे गॅलरीत सांडले. ओल्यात वावरण्यासाठी बाबांच्या रबरी चपला काढल्या. मापाला अगदी बरोबर. मग तशाच पायांनी येऊन त्यांच्या खुर्चीत पेपर वाचला.

११ मार्च
डोस चार गोळ्या. पिवळेपणा जिथल्या तिथे थांबला. बायकोला सविस्तर सांगितले. ती म्हणाली, बरं झालं, आणि तुमच्या गोळ्या चालू आहेत ना? मी म्हणालो, वेळच्या वेळी जात आहेत. विधान तपासले असता खरे ठरते.

१५ मार्च, दुपारी १२.३०
ट्रेच्या कडेला तांबूस डाग आले. घाबरण्याचे कारण नाही. लोहाच्या रंगहीन द्रावणाचा हवेशी संयोग होऊन गंज बनतो; साधारण तीन तास लागतात.

त्याच दिवशी, दुपारी १
गॅलरीच्या दारापासून बाबांच्या खुर्चीपर्यंत फरशीवर पावलांचे तांबूस ठसे. सकाळी फरशी कोरी होती, मी स्वतः पाहिली होती. डाव्या टाचेचा ठसा आतल्या बाजूने झिजलेला. बाबा तसेच चालत.

याला स्पष्टीकरण नाही.

१६ मार्च
बायकोने फरशी घासली. दुपारी ठसे परत. ती म्हणाली, अहो, पाय पुसून येत जा. बायकांना गूढ सोसत नाही.

२२ मार्च
रोज. पट्टीने मोजले: साडेसव्वीस सेंटिमीटर. मी विज्ञानाचा माणूस असल्याने तो शब्द इथे लिहिणार नाही. एवढेच नोंदवतो की कोणीतरी आधी झाड पाहते आणि मग खुर्चीकडे जाते. नापसंत असते तर बोलून दाखवले असते. आयुष्यभर दाखवलेच.

डोस सहा.

२६ मार्च
खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मानेवर बर्फासारखा हात पडला. हात माझाच निघाला. तरी तो इतका गार का, हा प्रश्न उरतो.

३० मार्च
पहिल्या दिवसापासूनचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. आणखी एकही पान पिवळे झालेले नाही, एकही गळलेले नाही, एकही नवे आलेले नाही. अशी स्थिरता बाबांनाही साधली नव्हती. डोस आठ.

५ एप्रिल
एक गोष्ट इतके दिवस सुटली होती. ठसे खुर्चीकडे जातात, पुढे पुढे फिके होत जातात, परतीचे नाहीत. म्हणजे ते अजून बसलेलेच आहेत. आज मी खुर्चीच्या कडेवर टेकून पेपर वाचला.

१२ एप्रिल, सायंकाळी ५
आत्या येऊन गेली.

तिने नखाने फांदीची साल खरवडली. आत तपकिरी, कोरडे. म्हणाली, अरे, हे महिन्यापूर्वीच गेलंय. ज्युनिपर मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवंच दिसतं, कुणाला पत्ता लागू देत नाही. मी फोटो दाखवले, हरितद्रव्य समजावले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, आतली पानं दर वर्षी पिवळी पडायची, दादा ती चिमटीने काढून टाकायचा. दुसरं काय द्यायचे, मी विचारले. पाणी, म्हणाली.

मग तिची नजर माझ्या पायांकडे गेली आणि तिथून फरशीवर. बायकोला ती म्हणाली, दादाच्या चपला याला घालू देऊ नकोस गं.

बायकोला खलाशेजारी गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडली. आत्या झाड न घेताच गेली.

१५ एप्रिल
चपला कपाटात. फरशी तीन दिवस कोरी. नवीन गोळ्या आणल्या आहेत. त्या बायको समोर उभी राहून गिळायला लावते.

१६ एप्रिल, सकाळी ९.४०
सकाळची गोळी गालात धरून ठेवली. बायको बाजारात गेल्यावर ती पाण्यात विरघळवली. झाडाला घातली, त्याला आता ना उपयोग ना अपाय. कपाटातून चपला काढल्या, ओल्यात नीट उभा राहिलो आणि खुर्चीपर्यंत चालत आलो.

तीन तास लागतात. बसलो आहे.