अर्धा स्वर खाली

प्रिय अनुपम,

तू फोनवर विचारलेला प्रश्न मी बाबांपर्यंत पोचवला आणि त्यांनी उत्तरही दिलं. ते फोनवरच सांगता आलं असतं. पण मला तुझ्याकडे काही मागायचंही आहे, आणि फोनवर मला मागता येत नाही. तू 'काय चाललंय दीदी' म्हणतोस आणि माझ्या तोंडून 'सब ठीक' निघून जातं. म्हणून आज शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि अंगणात उन्हाला बसून लिहिते आहे. बाबा शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेत. झोपले आहेत की नुसते थकले आहेत, हे आताशा मला ओळखता येत नाही. स्वतःबद्दलही येत नाही.

तुझ्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात फ्रेंच हॉर्नला एक लांब तुकडा आहे, उजव्या हाताने हॉर्नचं कर्ण्यासारखं तोंड आतून पूर्ण बंद करून वाजवायचा. वरचे सूर जमतात, खाली गेलं की हवा निसटते आणि सूर फुटतो. हाताऐवजी म्यूट, म्हणजे तो आवाज दाबायचा शंकू, खुपसून वाजवलं तर चालेल का, की बाबांच्या हातात काही युक्ती होती, हे तू मला विचारून ठेवायला सांगितलंस. मला जरा हसूच आलं. अर्धांगाचा झटका येऊन हा दुसरा हिवाळा. बाबांकडे 'चलो' आणि 'अच्छा' एवढे दोनच शब्द धड उरलेत. चलो म्हणजे हवं, अच्छा म्हणजे नको. सकाळी त्यांचं करायला येणाऱ्या अमिताबाई म्हणतात, दोन शब्दांत माणूस संसार करू शकतो, आपणच उगाच बडबडतो.

आपल्या या अधारतालच्या गल्लीतले ते दिवस तुला आठवतात का? तुझ्या आधी बाबांनी हॉर्न माझ्या हातात दिला होता. फुंकणं मला बऱ्यापैकी आलं. पण माझा हात लहान, कितीही आत घातला तरी करंगळीच्या बाजूला फट राहायची. मग तू आलास, तुझे पंजे बाबांसारखे, आणि मला रुमालाचं काम मिळालं. तू ओसरीत वाजवायचास आणि मी गल्लीच्या टोकाला पानठेल्याजवळ उभी. बंद हाताचा सूर घरातून निघाल्यासारखा वाटला तर रुमाल हलवायचा नाही. पलीकडच्या टेकडीवरून आल्यासारखा वाटला तरच हलवायचा. छावणीच्या बँडमध्ये मैदानावर बाबा तसंच करायचे, म्हणून घरीही तेच. पहिले काही दिवस तू हात बंद करायचास पण बोटं नेहमीच्याच सुराची ठेवायचास. हात बंद केला की सूर अर्ध्या स्वराने वर चढतो, म्हणून बोटांनी अर्धा स्वर खालचा धरावा लागतो, हे तुझ्या डोक्यात राहायचं नाही. सगळा तुकडा चढा निघायचा. त्यातून तो नाकातला आवाज. श्रीकांतकाका भिंतीवरून विचारायचे, काहून हो, आज भोंग्याला सर्दी झाली का?

मी टोकाला उभी असायचे म्हणून मला सूर दूरचा वाटायचा. एकदा पाणी प्यायला परत आले, तर तू जवळून दिसलास. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, कान लाल, डोळ्यांत पाणी. त्या एवढ्याशा आवाजासाठी इतका जीव लागतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

तर काल दुपारी मी कपाटावरचा जुना हॉर्न काढला. पुसून बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा उजवा हात तू गेल्या दिवाळीत पाहिलास तसाच आहे, ओंजळीत पाणी धरावं तसा वळलेला. नेपियर टाउनहून रुचिरा येते, व्यायाम करवते, एकेक बोट सरळ करते आणि ती गेटबाहेर पडायच्या आत हात पुन्हा मिटतो. तोच हात मी उचलून हॉर्नच्या तोंडात सरकवला आणि तो बसला. कुठेही फट नाही. दोन हिवाळे आम्ही जो हात उघडायला झटतो आहोत, त्याची जागा तिथे होती.

मी त्यांना तुझा प्रश्न सावकाश सांगितला. समजला की नाही कळेना. म्हणून मी नुसता षड्ज गुणगुणला, मोकळा सूर, ज्याला एकही कळ दाबावी लागत नाही. त्यांचा डावा हात कळांवर होता. मधल्या बोटाने मधली कळ दाबली. अर्धा स्वर खाली. अनुपम, त्यांना माझं नाव आठवत नाही कधी कधी. पण हात बंद आहे, म्हणजे सूर चढणार, म्हणजे खालचा धरायचा, हे त्या बोटाला आठवत होतं.

त्यांना फुंकता येत नाही, ओठ एका बाजूला गेलाय. मग मी वाकून मुखनळीला तोंड लावलं. हात त्यांचा, बोटं त्यांची, वारा माझा. खालच्या सुरांना सूर तुझ्यासारखाच फुटायला लागला, तेव्हा त्यांनी हात आणखी आत घातला नाही. खांदा रेटून तळहाताचं मनगटाकडचं मांस करंगळीच्या बाजूला दाबलं, दार लोटल्यासारखं. हे तुझं उत्तर. फट तिथे असते. मी जीव खाऊन फुंकत होते. कमरेत कळ आली, डोळ्यांपुढे काजवे. आणि भिंतीपलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, काका वाळत घातलेले कपडे काढत होते. ते म्हणाले, "काहून गं विनता, कुठं लांब काही वाजून राहिलं का?"

बाबा हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले. मला मात्र तिथेच जमिनीवर बसावं लागलं.

म्यूटबद्दल विचारलंस. त्यांनी पुठ्ठ्याचा घरी केलेला, बुचाच्या पट्ट्या घासून घासून बेताचा केलेला म्यूट मी त्यांच्यापुढे धरला. ते 'अच्छा' म्हणाले. म्हणजे नको. पण तू माझं ऐक, अगदी खालच्या सुरांना सरळ पितळी म्यूट लाव. सगळंच हाताने धरून ठेवायला जाऊ नये. हात थकतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

आता मागायचं ते. माझ्या गर्भाशयात गाठ आहे. गेल्या पावसाळ्यात तुला 'थोडा अशक्तपणा' म्हणाले होते, तो हा. ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली, एकदा तुझा दौरा होता म्हणून आणि एकदा बाबांना निमोनिया झाला म्हणून. आता डॉक्टर ढकलू देत नाहीत. नंतर निदान दोन महिने भरलेली बादलीही उचलायची नाही म्हणतात, आणि मी तर रोज बाबांना उचलते. अमिताबाई दुपारनंतर थांबू शकत नाहीत. कार्यक्रम सोडून येऊ नकोस, तारीख मी त्याच्या नंतरचीच घेतली आहे. पण नंतर ये, आणि परतीचं तिकीट काढून येऊ नकोस. हे वाचून तू लगेच फोन करशील आणि मी सवयीने 'सब ठीक' म्हणेन. तेव्हा मधली कळ दाबून, अर्धा स्वर खालचं ऐक. आता गल्लीच्या टोकाला तू उभा आहेस. ऐकू आलं असेल, तर रुमाल हलव.

तुझीच,
दीदी